सिगारेट सोडताना : एकदम बंद करावी की निकोटिन गम घ्यावा?

सिगारेट सोडणार म्हटलं की पहिला सल्ला टपरीवरच मिळतो : "मनात आणलं तर एका दिवसात सुटते, औषधं कशाला?" शेजारचा म्हणतो, गम घे, हळूहळू कमी कर. ऐकणाऱ्याला हे दोन वेगळे रस्ते वाटतात आणि इथेच घोळ होतो. धूर कधी थांबवायचा हा एक प्रश्न. त्यानंतरचे काही आठवडे शरीराला थोडं निकोटिन द्यायचं का, हा दुसरा.

इंग्लंडमधल्या ६९७ जणांवरची एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. एका गटाने ठरल्या दिवशी एकदम सिगारेट बंद केली, दुसऱ्याने दोन आठवड्यांत कमी करत आणली. महिन्याभराने एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, कमी करत गेलेल्यांपैकी ३९. पण निकोटिनची मदत दोन्ही गटांना होती. म्हणून माझा सल्ला असा : सिगारेट एकदम थांबवा, आणि निकोटिन लागणार का ते खालीलप्रमाणे ठरवा.

१. सकाळची पहिली सिगारेट बघा

रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. रात्रभर झोपून उठल्यावर ते तळाला गेलेलं असतं. तेव्हा उठल्यावर किती वेळ निभतं, यावरून शरीर किती अडकलंय ते कळतं. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल, किंवा दिवसाला दहाहून जास्त होत असतील, तर मदत घ्या. पहिली दुपारी, आणि दिवसाला तीन-चारच, असं असेल तर गमशिवाय थांबून बघायला हरकत नाही. विडी ओढणाऱ्यांनीही हाच हिशेब लावावा. विडी लहान म्हणून तिला कमी धरू नका.

२. मनोबलाचा हिशेब खरा मांडा

कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात ते जेमतेम तीन ते पाच. गम किंवा पॅचने (कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी) ही शक्यता साधारण दीडपट होते. चमत्कार नाही, पण दीडपट म्हणजे थोडं नव्हे. मदत घेणारा मनाने कच्चा, ही समजूत मला फार टोचते. तिच्यापायी माणसं पुन्हा पाकिटाकडे वळतात. "एक व्यसन सोडून दुसरं" ही भीतीही नको. कॅन्सर होतो तो मुख्यतः धुरातल्या डांबर आणि इतर विषारी द्रव्यांमुळे. गममध्ये धूरच नसतो. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही निकोटिनची ही औषधं आहेत.

गर्भवती, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अठराच्या आतले यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

३. गम नीट वापरा

बहुतेकांचा गम फसतो तो इथे. च्युइंगमसारखा सतत चघळला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या आणि मळमळ. सावकाश चावा. तिखट, झिणझिणती चव आली की थांबा आणि तंबाखूचा बार धरतात तसा गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. निकोटिन तिथूनच रक्तात जातं. चव गेली की परत थोडं चावा, जागा बदला. असं अर्धा तास.

गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक बंद; तोंड आंबट असलं की निकोटिन नीट शोषलं जात नाही.

सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. गमला बराच वेळ लागतो, त्यामुळे तलफ उसळल्यावर गम शोधून भागत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, घड्याळाकडे बघून घ्या. नंतरचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला दोनच गम घेऊन "उपयोग नाही" म्हणू नका. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा कमी पडतो. ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांशी बोला. पॅचबद्दलही तेव्हाच विचारा. पॅच दिवसभर हळूहळू निकोटिन देतो, आणि पॅचच्या जोडीला गम हे दोन्हींपैकी एकट्यापेक्षा सरस ठरतं.

४. तारीख ठरवा, चहा कमी करा

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. महिनाअखेरीच्या धावपळीत तारीख धरू नका. आदल्या रात्री पाकीट, लायटर, ॲशट्रे घराबाहेर काढा.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. धुरामुळे शरीरातलं कॅफीन झपाट्याने निघून जात असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाने ते जास्त साठतं आणि छातीत धडधड, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं. माणसाला वाटतं, सिगारेट नाही म्हणून. चहा निम्म्यावर आणा.

५. झुरका मारला गेलाच तर

पॅच काढू नका, गम थांबवू नका. उरलेलं पाकीट टाका, पुढचा गम ठरल्या वेळेला घ्या आणि १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोला. तो झुरका कुठे, कुणासोबत, कशानंतर मारला ते सांगा. पुढच्या आठवड्याची आखणी त्यावरूनच करायची आहे.