आधारची प्रत देताना

हॉटेलात खोली घेताना आधारची झेरॉक्स मागितली, की 12 अंकी क्रमांक उघडा ठेवूनच ती देण्याची आपली सवय मला घातक वाटते. त्याऐवजी यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या मायआधार संकेतस्थळावर नोंदणीकृत मोबाइलवर आलेल्या ओटीपीने लॉगिन करून, डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’ हा पर्याय निवडावा; त्यात पहिले 8 अंक झाकलेले राहून केवळ शेवटचे 4 दिसतात. पीडीएफ उघडण्यासाठी इंग्रजी नावाची पहिली 4 अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष, असा पासवर्ड लागतो. हे काम सायबर कॅफेत केले असल्यास लॉगआउट करावे, डाउनलोड फोल्डरमधील फाइल स्वतः पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामी करावी. प्रतीवर तारीख व कारण लिहून मगच सही करावी.