विडीकाडीपायी होणारा दवाखान्याचा खर्च घरात कोण सोसते, याचा हिशेब कसा मांडावा

कर्नाटकातील निपाणी, चिकोडी या सीमाभागातील पट्ट्यात तंबाखू हे पीकही आहे, मजुरीही आहे आणि व्यसनही आहे. त्यामुळे धूम्रपानाच्या खर्चाचा विषय निघाला की बोलणे चटकन शेतकऱ्याला किंवा विडी कामगाराला दोष देण्याकडे वळते. तो वाद येथे बाजूला ठेवावा. ज्या घरात कोणी विडी किंवा सिगारेट ओढते, त्या घराने त्यापायी वर्षाकाठी किती पैसा जातो आणि तो कोणाच्या पदरचा जातो, हे एका वहीत मांडून पाहावे.

पहिली रक्कम सोपी आहे. रोज 30 रुपये विडीकाडीवर जात असतील, तर वर्षाचे 10,950 रुपये होतात. बहुतेक घरांचा हिशेब येथेच संपतो, आणि येथेच तो फसतो.

दुसरे पान उपचारांचे. त्यात भरती होऊन घेतलेले उपचार आणि बाहेरून घेतलेली औषधे यांची बेरीज वेगवेगळी ठेवावी, कारण शासकीय योजनेची मदत प्रामुख्याने भरतीच्या उपचारांना मिळते. ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. इतर कुटुंबांसाठी शासन ठरलेल्या दराच्या 30 टक्के रक्कम देते, तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीचा प्रसंग नसेल, तर मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र घ्यावे लागते. जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णाला दरमहा लागणारा इनहेलर मात्र बहुधा खिशातूनच येतो. म्हणून औषधाच्या दुकानातील प्रत्येक पावती जपावी आणि तेच औषध जनऔषधी केंद्रात मिळते का, हेही विचारावे.

सीमाभागातील पुष्कळ रुग्ण मिरज किंवा कोल्हापूर गाठतात. कर्नाटकातील कार्ड तेथे चालेलच, असे गृहीत धरू नये. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 865 सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे का आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर विचारून घ्यावे.

तिसरे पान सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच बहुधा कोरे राहते. नवरा तपासणीला कोल्हापूरला गेला की सोबत पत्नी जाते. ती घरी विड्या वळत असेल, तर हजारामागे मिळणारी तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय एसटीचे भाडे आणि बाहेरचे जेवण आलेच. रुग्ण मजूर असेल, तर त्याचेही खाडे पडतात. हे दिवस तारखेनिशी लिहावेत आणि ज्याची मजुरी बुडाली त्याच्या नावापुढे रक्कम मांडावी. मग ओढणारा एक आणि फेडणारे चार, हे घरातल्या घरात, कोणी न सांगता दिसू लागते. देशपातळीवरचे चित्रही असेच आहे. 2017-18 मध्ये 35 वर्षांवरील व्यक्तींच्या तंबाखूजन्य आजारांचा आर्थिक भार सुमारे 1,77,341 कोटी रुपये होता, आणि त्यात थेट उपचारांचा वाटा जेमतेम 22 टक्के होता. उरलेला भार आजारपणामुळे आणि अकाली मृत्यूमुळे बुडालेल्या उत्पन्नाचा होता. तंबाखूच्या करातून सरकारला पैसा मिळतो, म्हणून हिशेब फिटतो, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

खासगी आरोग्य विमा घेताना अर्जातील धूम्रपानाच्या प्रश्नाचे उत्तर खरेच लिहावे. हप्ता थोडा वाढेल. पण माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि मग सगळे बिल मुलांच्या गळ्यात पडते. एजंटाने परस्पर ‘नाही’ अशी खूण केली असल्यास सही करण्याआधी ती दुरुस्त करून घ्यावी.

सोडायचा विचार पक्का होत असेल, तर 1800-11-2356 या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. तंबाखूच्या पाकिटांवरही हा क्रमांक छापलेला असतो. वही मात्र सोडल्यानंतरही वर्षभर चालू ठेवावी, कारण विडीकाडीचे पैसे पहिल्या दिवसापासून वाचतात, तर औषधांचा खर्च कमी व्हायला वेळ लागतो.