कूलंट भरलं तरी गाडी गरम होतेय? हवा काढताना या चुका टाळा

एका रविवारी घरच्या घरी रेडिएटरचा वरचा हौज पाइप बदलला. जुना फुगला होता. नवा बसवला, काठोकाठ कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) भरलं, बोनेट लावलं आणि स्वतःवरच खूश झालो. आठवडाभर ऑफिसला जाऊन-येऊन केलं, काही त्रास नाही. शनिवारी साताऱ्याला निघालो. शिरवळपर्यंत सगळं छान. खंबाटकीचा चढ लागला आणि तापमानाचा काटा मधून उठला तो थेट लाल पट्टीजवळ. मी एसी बंद करेपर्यंत परत मध्ये. वळणावर पुन्हा वर. त्यात डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ, गुळगुळ. "आत मासे पाळलेत का रे?" बायकोने विचारलं.

मासे नव्हते, हवा होती. जवळजवळ लिटरभर. हा आकडा कळला तो माझ्या आळसामुळे. काढलेलं जुनं कूलंट घमेल्यात तसंच पार्किंगच्या कोपऱ्यात फळीखाली पडून होतं. परत आल्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटलीने मोजलं, तर साडेतीन लिटर भरलं. नव्या कॅनमधून आत गेलं होतं अडीच.

तेव्हापासून मी आधी मोजतो, मग भरतो. आणि मोजायचं ते आपण काढलेलं. मॅन्युअलमध्ये साडेपाच लिटर लिहिलेलं असेल, पण रेडिएटरच्या खालच्या नळातून तेवढं कधीच निघत नाही. बरंचसं इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. जेवढं निघालं तेवढं परत गेलं पाहिजे. कमी गेलं, तर उरलेल्या जागेत हवा बसली आहे, मग रेडिएटर वरून कितीही भरलेला दिसो.

गॅरेजमध्ये याला 'एअर पकडली' म्हणतात. वॉटर पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलता येत नाही, तो जागच्या जागी घुसळत राहतो. हवा वर चढते आणि तिथेच अडकते: हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग), थर्मोस्टॅटखाली (पाणी तापलं की उघडणारी झडप), हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा आली की काटा कधी उड्या मारतो, तर कधी गरीब गाईसारखा खाली बसून राहतो आणि तिकडे हेड उकळत असतं. खाली बसलेला काटा जास्त घातक, कारण आपण गाडी दामटत राहतो.

आता चुका. पहिली तर आपल्याकडे हमखास होते: हीटरचा नॉब निळ्यावर ठेवून कूलंट भरणं. हीटर आपण लावतो कधी? जानेवारीत महाबळेश्वरला गेलो तर. त्यामुळे भरताना त्याची आठवणच होत नाही. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, नॉब थंडवर असला की हीटरकडे जाणारं पाणीच बंद होतं आणि आतली हवा आतच राहते. तेव्हा नॉब पूर्ण लालवर आणि ब्लोअर सगळ्यात कमी. एसी मात्र बंद. एसी चालू असला की रेडिएटरचा फॅन सतत फिरतो, इंजिन लवकर तापत नाही आणि थर्मोस्टॅट उघडायची वाट बघत आपण ताटकळतो.

दुसरी चूक, घाई. कॅन उलटा करून भसाभस ओतलं, की हवेला बाहेर यायला वाट उरत नाही. बारीक धार सोडा, मध्ये थांबा, वरचा हौज हाताने दाबा-सोडा. बुडबुडे येतील तोवर दाबत राहा. माझ्याकडे खास फनेल नाही. एक लिटरची बाटली मधोमध कापायची, तोंडाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि रेडिएटरच्या तोंडात घट्ट उलटी बसवायची. आता पाण्याची सगळ्यात उंच पातळी या बाटलीत येते आणि हवा तिथेच फुटते. गाडीची पुढची चाकं सोसायटीच्या रॅम्पवर चढवली (हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा) तर अजून बरं, कारण हवेला वर जायचं असतं आणि वर म्हणजे भरायचं तोंडच असलं पाहिजे.

बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या पाइपवर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. तो न शोधताच लोक तासभर रेस देत बसतात. इंजिन थंड असताना तो ढिला करा, भरत राहा, फसफस थांबून सलग धार आली की बंद करा. प्लॅस्टिकचा असेल तर पान्ह्याला जोर नको. तुटला तर अर्धा आत राहतो आणि दिवस वाया.

यानंतर इंजिन चालू. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, तोवर रेडिएटरच्या बाजूची हवा एका बाजूला आणि इंजिनची दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटं चालवून गाडी बंद करणाऱ्याचं काम म्हणूनच अर्धवट राहतं. वरच्या हौजवर हात ठेवा. बराच वेळ तो कोमट असतो आणि मग एकदम चटका बसतो. थर्मोस्टॅट उघडला. त्याच क्षणी कापलेल्या बाटलीतली पातळी झपकन खाली जाते, तिथे भर घाला. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, मधूनमधून दोन-अडीच हजारापर्यंत हलकी रेस द्या. हीटरमधून आयडलवरही (रेस न देता) सलग गरम हवा येऊ लागली की समजा जमलं. रेस दिल्यावर गरम आणि सोडल्यावर थंड येत असेल तर अजून हवा आहे.

नवा थर्मोस्टॅट बसवला असेल तर त्याच्या चकतीवरचं बारीक छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला आहे ना, हे बघा. ती हवेसाठीच दिलेली वाट आहे, खाली बसवली तर काय उपयोग? आणि 'आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही' म्हणून तो काढून फेकणारे कारागीर अजून आहेत. त्यांना नमस्कार करून निघावं. इंजिन कायम थंड चालतं, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. हवा अडकायचं दुखणं होतं तिथेच राहतं.

कापलेल्या बाटलीची युक्ती रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीची. रेडिएटरला झाकण नसून दाब धरणारी कूलंटची बाटलीच असेल, तर काही कंपन्या झाकण लावूनच इंजिन गरम करायला सांगतात. काहींत पंपच विजेवर चालतो आणि हवा काढायची रीत वेगळी असते. तिथे मॅन्युअल उघडा.

झाकणाबद्दल मात्र थट्टा नाही. १.१ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आत ११० अंशांचं पाणी शांत बसलेलं असतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की ते क्षणात उकळून तोंडावर येतं. घाटात गाडी तापली तर बोनेट उघडा, झाकण नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं ही त्याच्याच पुढची चूक. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हौजचं काम हेडच्या कामावर जातं.

हवा काढल्यावरही पहिले दोन-तीन दिवस, रोज सकाळी, थंड गाडीत पातळी बघायची. मी तेच केलं नव्हतं. थोडीशी पातळी उतरणं ठीक, उरलीसुरली हवा निघते. भर घालताना नळाचं पाणी नको, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत जमतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मेनिम्मे, किंवा तयार मिश्रण.

पण रोजच पातळी उतरत असेल तर प्रश्न हवा काढण्याचा राहत नाही, हवा येते कुठून याचा होतो. सैल क्लिप, वॉटर पंपाखाली वाळलेला पांढरा-हिरवा डाग, दाब न धरणारं झाकण, हे आधी तपासा. सगळं कोरडं आहे, तरी तोंडाशी बुडबुडे थांबतच नाहीत आणि थंड इंजिन चालू केल्या केल्या हौज दगडासारखा कडक होतो? मग सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी) गेलं आहे. गॅरेजमध्ये एक निळं द्रावण असतं, रेडिएटरच्या तोंडाशी धरलं की पेट्रोल गाडीत गॅस असल्यास पिवळं पडतं. पाच मिनिटांची चाचणी, ती करून घ्या. तोवर रेस देत बसू नका.

माझ्या गाडीत दुसऱ्या खेपेला तीन लिटर आणि वर दोन कप गेलं. पहिल्या सकाळी कूलंटच्या राखीव बाटलीतली पातळी बोटभर उतरली होती, दुसऱ्या सकाळी थोडीशी, तिसऱ्या सकाळी रेषेवर. घमेल्यातलं जुनं कूलंट त्याच दिवशी कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं. ते गोड असतं आणि विषारीही, आणि पार्किंगमधली कुत्री घमेल्याभोवती घुटमळायला लागली होती.