सौम्य मुरूम ओळखण्यापूर्वीची तयारी

भिंगाचा दिवा, हातमोजे, सौम्य क्लेन्झर, कापूस आणि नोंदवही ग्राहक खुर्चीत बसण्यापूर्वीच हाताशी असावी. मुंबईच्या दमट हवेत लोकलमधून उतरून थेट पार्लरमध्ये आलेल्या कोणाचाही चेहरा लालसर आणि तेलकट दिसतोच. म्हणून घाम व मेकअप न घासता टिपून घ्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मगच तपासणीला सुरुवात करावी.

पहिला शोध कोमेडोनचा, म्हणजे तेल व मृत पेशींनी बुजलेल्या त्वचेच्या छिद्रांचा. ब्लॅकहेड सहज दिसतात (त्यांचा काळेपणा मळाचा नसतो, हे ग्राहकाला आवर्जून सांगावे, नाहीतर घरी घासणे सुरूच राहते). व्हाइटहेड मात्र समोरच्या उजेडात हरवतात, म्हणून दिवा बाजूने धरून त्वचा किंचित ताणावी, म्हणजे कपाळावर व हनुवटीवर त्वचेच्याच रंगाचे बारीक उंचवटे उमटून येतात. कोमेडोन मुळीच नसतील तर मुरूम म्हणण्याची घाई करू नये. कपाळाच्या केसरेषेवर, छातीवर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील, तर केसांच्या मुळांशी यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. पावसाळ्यात तर हा विचार आधी करावा.

त्यानंतर मोजणी करावी. प्रचलित प्रतवारीनुसार कोमेडोन २० पेक्षा कमी, किंवा सुजलेल्या पुळ्या १५ पेक्षा कमी, किंवा सर्व मिळून ३० पेक्षा कमी असतील तर मुरूम सौम्य समजतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर सूज लाल न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसते, त्यामुळे नुसत्या रंगावर न जाता बोटाने हलकेच चाचपून पाहावे: पुळी उंच व दुखरी लागते, जुना डाग सपाट असतो. डाग मोजणीत धरू नयेत.

विचारायचे प्रश्न नोंदवहीत आधीच लिहून ठेवावेत: कोणती औषधे चालू आहेत, केसांना तेल किती व केव्हा लावता, पाळी नियमित आहे का, गरोदरपण आहे का, आणि मुख्य म्हणजे मेडिकलमधून आणलेले ‘गोरेपणाचे’ क्रीम लावता का. अशा क्रीममध्ये स्टिरॉइड असू शकते, आणि त्यानेही पुळ्या उठतात. त्याची शंका आली, किंवा खोल दुखऱ्या गाठी व खड्डे दिसले, तर फेशियल किंवा क्लीनअप न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. आयसोट्रेटिनॉइन (मुरमांवरचे पोटात घ्यायचे औषध) चालू असल्यास चेहऱ्यावर वॅक्स करू नये.