ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टिकवायचाय? या चुका टाळा

ऑटोमॅटिक गाडी घेतली की क्लचची कटकट संपली, असं आपण धरून चालतो. क्लच मात्र कुठेही गेलेला नसतो. तो गिअरबॉक्सच्या आत असतो, बहुतेक गाड्यांत एकापेक्षा जास्त. आपला पाय त्याच्यावर नसल्यामुळे तो घासतोय, तापतोय हे कळायला मार्ग नसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अकाली जातो तेव्हा बहुतेक वेळा उष्णता आणि तिने खराब केलेलं ऑइल यांचा त्यात हात असतो. पुढच्या बऱ्याचशा चुका फिरून तिथेच येतात.

आधी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण एकाला चालणारी सवय दुसऱ्याला महागात पडते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद फिरत्या ऑइलमधून गिअरकडे जाते. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमधून पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते. डीसीटीमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात, काही गाड्यांत कोरडे तर काहींत ऑइलमध्ये बुडालेले. एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्रणा करते. एएमटीमध्ये गिअर बदलताना मान किंचित पुढे जाणं हा दोष नाही. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरासा सैल केला की तो हिसका बराच कमी होतो.

चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यांत घातक सवय. चढावर गाडी थांबलेली, पाय ब्रेकवर नाही, ॲक्सिलरेटर थोडासा दाबून गाडी जागच्या जागी तोललेली. मॅन्युअल गाडीत यालाच आपण हाफ क्लचवर धरणं म्हणतो. एएमटी आणि कोरड्या क्लचच्या डीसीटीत इंजिनची सगळी धडपड क्लच प्लेट घासण्यात जाते आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये प्लेट वाचते, पण ऑइल तापतं. थांबलात की ब्रेक दाबा, निघताना हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावरही काही क्षण गाडी धरून ठेवणारी सोय) किंवा हँडब्रेकची मदत घ्या.

मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्येही तेच होतं. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचं, हे एएमटी-डीसीटीत टाळा. थोडं अंतर पडू द्या आणि मग एका दमात पुढे जा, म्हणजे क्लच पूर्ण धरला जातो.

पार्किंगचा क्रम

‘पी’मध्ये टाकल्यावर गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक छोटी खिट्टी अडकते. उतारावर नुसतं ‘पी’ करून ब्रेक सोडला की गाडीचा सगळा भार त्या खिट्टीवर येतो. सकाळी गिअर हलवताना ‘खट्’ असा मोठा आवाज येतो, तो तिथूनच. म्हणून ब्रेक दाबलेला ठेवा, ‘एन’ म्हणजे न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. एएमटीमध्ये सहसा ‘पी’ नसतो. तिथे गाडी गिअरमध्येच ठेवून इंजिन बंद करा आणि हँडब्रेक लावा.

रिव्हर्समधून गाडी अजून मागे सरकत असतानाच ‘डी’ टाकणं तर सर्रास दिसतं. उलट दिशेने फिरणारी चाकं मग आतल्या क्लचना थांबवावी लागतात. गाडी पूर्ण थांबू द्या, तेवढ्या सेकंदाने काही बिघडत नाही.

उतारावर ‘एन’ टाकून पेट्रोल वाचतं हा समज आता सोडून द्या. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंधन बंदच करतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट ते खर्ची पडतं, शिवाय इंजिन ब्रेकिंग गेल्याने ब्रेक तापतात.

ऑइल

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल वंगण घालतं, उष्णता वाहून नेतं, दाब देऊन क्लच दाबतं आणि त्या क्लचची पकड किती असावी हेही ठरवतं. त्यामुळे ऑइल थकलं की पहिला परिणाम गिअर बदलण्याच्या सफाईवर दिसतो. ‘हे ऑइल आयुष्यभर चालतं’ हे ऐकून निर्धास्त राहू नका. झेडएफ ही मोठी गिअरबॉक्स कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी साधारण 80,000 ते 1,20,000 किमी किंवा 8 वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. घाटरस्ते, ट्रेलर ओढणं, सततचा ट्रॅफिक असेल तर त्याच्याही आधी बदला.

चुकीचं ऑइल ही वेगळीच आफत. सीव्हीटीचा पट्टा पुलीला धरून राहावा म्हणून त्याचं ऑइल खास बनवलेलं असतं. तिथे साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, घातलं तर पट्टा घसरू शकतो आणि पुलीवर कायमचे ओरखडे पडतात. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणणाऱ्या डब्यापेक्षा मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड पाहा.

लेव्हलही नीट पाहिली पाहिजे. ऑइल गरम झालं की फुगतं, म्हणून ती ठरावीक तापमानालाच तपासतात. अनेक गाड्यांत डिपस्टिक नसते, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर तापमान बघून लेव्हलचा बोल्ट उघडावा लागतो. कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फेस होतो आणि दोन्हीत ऑइलचा दाब कमी होतो. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून बघा. काळपट आणि करपट वासाचं असेल तर ते संपलेलं आहे. दुधी गुलाबी दिसलं तर कूलंट मिसळलंय, मग गाडी अजिबात चालवू नका. ऑइल पॅनच्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लगदा असणारच. धातूचे कण किंवा कपचे दिसले तर मात्र काळजीचं कारण आहे.

लक्षणं वाचताना होणारी घाई

गिअर बदलताना आरपीएम उसळतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. एका वेगाने हलकेच ॲक्सिलरेटर दाबून जाताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपकडे (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या आतल्या क्लचकडे) संशय जातो आणि ती थरथर कधी कधी योग्य ऑइल बदलल्यावर थांबते. ‘डी’ टाकल्यावर गाडी उशिरा धरत असेल तर आधी लेव्हल आणि गळती बघा.

नुसता गचका बसतोय म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. इंजिन माउंटिंग फाटलं असेल, बॅटरी अशक्त असेल किंवा एखादा सेन्सर चुकीचं सांगत असेल तरी असेच गचके बसतात. आधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचायला सांगा. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत गिअरबॉक्स आधीचं शिकलेलं विसरतो, काही दिवस शांतपणे चालवल्यावर तो पुन्हा रुळतो.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला, तर तिने स्वतःला वाचवायला घेतलेला तो पवित्रा असतो. जोर न करता जवळच्या सुरक्षित जागी थांबा. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, मागवा. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद ठेवून गाडी चाकांवर ओढली की आतले भाग कोरडेच फिरत राहतात.