"आईंना काही सांगू नका हां डॉक्टर": गंभीर आजारात घरच्यांनी या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक हीच. रिपोर्ट कपाटात लपवायचे, फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलायचं, भेटायला येणाऱ्यांना दारातच तंबी. आणि आईला केमोच्या वॉर्डात शेजारच्या बाईने कधीच सगळं सांगितलेलं असतं, पण मुलांना त्रास नको म्हणून तीही गप्प. मग एफडीचं काय करायचं, गावी एकदा जाऊन यायचंय, भीती वाटतेय, हे बोलायला तिच्याजवळ कोणीच नसतं. सगळं एकदम सांगून टाका असं नाही म्हणत मी, आधी तिलाच विचारा, "तुला काय वाटतंय, अजून काही जाणून घ्यायचंय का?" नको म्हणाली तर नको, पण ते तिने ठरवायचं.

"पॉझिटिव्ह राहा" तर बंदच करा प्लीज. समोरच्याचं रडणं थांबत नाही, फक्त आपल्यासमोर थांबतं.

"अशा आजारात डिप्रेशन येणारच" म्हणून सोडून देणं, हीपण चूक. भूक आणि झोप यावरून नीट कळत नाही कारण ती आजारानेच जाते, पण नातू आला तरी चेहरा हलत नाही, "मी ओझं झालोय" हेच दिवसभर, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात, म्हणून उशीर नको.

पेशंटने "देवा, उचल आता" म्हटलं की आपण विषय बदलतो. बदलू नका, नेमका कशाचा त्रास होतोय विचारा, बरेचदा न सांगितलेली दुखणी निघतात. जीव द्यायचा विचार येतो का हेही सरळ विचारा, विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर औषधं आपल्या ताब्यात घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 ला फोन करून, मराठीत, फुकट, चोवीस तास बोलता येतं.

अचानक रात्री बडबड, नसलेली माणसं दिसणं, हे मात्र टेन्शन समजून समजावत बसू नका. इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, एखादं औषध, काहीही असू शकतं, लगेच डॉक्टर.

आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि मनाचा त्रास कमी करणारी काळजी, ही फक्त शेवटच्या चार दिवसांसाठी नव्हे. 2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना निदानानंतर लवकर ही मदत मिळाली त्यांच्यात डिप्रेशन कमी दिसलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, मोफत, तिथे घरच्यांशीही बोलतात. रात्रंदिवस करणाऱ्या सुनेला पण घेऊन जा, तिला कोणी विचारतच नाही.