लिम्फोसाइट सबसेटचा रिपोर्ट कसा वाचावा

दीर्घकाळच्या आजारपणात, विशेषतः संसर्ग पुन्हा पुन्हा होत असतील तर, डॉक्टर कधी कधी लिम्फोसाइट सबसेट ही रक्ततपासणी सांगतात. फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर लिम्फोसाइटचे, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचे, प्रकार त्यांच्या पृष्ठभागावरच्या 'सीडी' नावाच्या खुणांवरून वेगळे मोजले जातात. सीडी३ म्हणजे सगळ्या टी पेशी, त्यांतच सीडी४ आणि सीडी८. सीडी१९ म्हणजे बी पेशी आणि सीडी१६/५६ म्हणजे एनके पेशी. एखाद्या आकड्यापुढे 'कमी' छापलेलं दिसलं की माणूस धास्तावतो. पण त्या शब्दाला अर्थ देण्याआधी थोडा हिशोब करावा लागतो.

सर्वांत आधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष संख्या बघा. ती छापलेली नसेल तर त्याच दिवशीच्या सीबीसीवरून (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीवरून) काढता येते: एकूण पांढऱ्या पेशी × लिम्फोसाइटची टक्केवारी × सीडी४ची टक्केवारी. पांढऱ्या पेशी ४०००, लिम्फोसाइट २० टक्के आणि सीडी४ ४५ टक्के असतील, तर संख्या येते ३६० (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे). टक्केवारी छान, संख्या कमी. उलट ८०००, ३० टक्के आणि २८ टक्के असतील तर ६७२ येतात. इथे टक्केवारी कमी दिसते, पण पेशी पुरेशा आहेत. प्रौढांत सीडी४ साधारण ५०० ते १५०० असतात. लहान मुलांत सगळेच आकडे बरेच मोठे असतात, म्हणून त्यांचा रिपोर्ट वयानुसारच्या मर्यादांशीच ताडावा.

मग बेरीज करा. सीडी३, सीडी१९ आणि सीडी१६/५६ यांच्या टक्केवारीची बेरीज १००च्या आसपास, साधारण ९५ ते १०५, यायला हवी. ती ८५ आली तर मोजणीतच काही राहून गेलं असण्याची शक्यता आहे, प्रयोगशाळेला विचारा. सीडी४ आणि सीडी८ मिळून सीडी३च्या जवळ जातात का, तेही पाहा. मोठी तफावत असेल तर ती कधी खरी असते, कारण काही टी पेशींवर या दोन्ही खुणा नसतात. तेव्हा पुढची तपासणी डॉक्टर ठरवतील.

आता नमुन्याकडे वळू. बहुतेक चकवणारे आकडे इथेच तयार होतात. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात, फ्रिजमध्ये न ठेवता खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि साधारण ४८ तासांच्या आत तपासतात. उशीर झाला की पेशी मरू लागतात. स्टेरॉइडच्या एका डोसनंतरही काही तासांत रक्तातले लिम्फोसाइट घटतात आणि साधारण दिवसभरात सावरतात. जोरदार व्यायामानंतर एनके पेशी आधी उसळतात, मग नेहमीपेक्षा खाली जातात. सीडी४ दिवसा कमी आणि रात्री जास्त असतात. नुकताच झालेला विषाणूसंसर्गही चित्र पालटतो. रिटुक्सिमॅब हे बी पेशी नष्ट करणारं औषध घेतलं असेल तर सीडी१९ कित्येक महिने शून्याजवळ राहणं अपेक्षितच आहे. म्हणून तपासणीची वेळ, त्या आठवड्यातली औषधं आणि ताप-सर्दी यांची नोंद रिपोर्टवरच करून ठेवा.

सीडी४ आणि सीडी८ यांचं गुणोत्तर १च्या खाली गेलं तर कोणता आकडा हलला ते शोधा. सीडी४ घटले आहेत की सीडी८ वाढले आहेत? सायटोमेगॅलोव्हायरसचा जुना, शांत बसलेला संसर्ग असलेल्यांत सीडी८ वाढलेले सापडतात, आणि हा संसर्ग जगभर सर्रास आढळतो.

सीडी५७ या आकड्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. जुनाट लाइम आजारात (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गात) सीडी५७ असलेल्या एनके पेशी कमी होतात, असं २००१मध्ये एका लहान अभ्यासात मांडलं गेलं. २००९च्या अभ्यासात मात्र लाइमनंतरचा त्रास असलेल्या आणि निरोगी लोकांत फरक आढळला नाही. या एका आकड्यावर लाइमचं निदान करू नये, आणि तो वाढावा म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक्स तर मुळीच घेऊ नयेत. शिवाय सीडी५७ ही खूण टी पेशींवरही असते. रिपोर्टमधला आकडा सीडी३ नसलेल्या पेशींचा आहे का, हे न पाहता केलेली तुलना निरर्थक ठरते.

संदर्भमर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेले २० आकडे मोजले, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. किंचित चुकलेला आकडा असेल तर काही आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी पुन्हा तपासा. प्रयोगशाळा बदलू नका. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा नुसत्या त्या कारणानेही हलतो.

सीडी४ खरोखर कमी असतील तर एचआयव्हीची तपासणी आधी करावी. ती निगेटिव्ह आली आणि दोन वेगळ्या वेळी सीडी४ ३००च्या खाली किंवा २० टक्क्यांहून कमी राहिले, दुसरं कारणही सापडलं नाही, तर कारण न कळलेल्या सीडी४-घटीचा विचार होतो. औषधाचं कारण नसताना सीडी१९ जवळजवळ शून्य असतील तर आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे रक्तातले अँटिबॉडींचे प्रकार मोजून घ्यावेत. सीडी४ २००च्या खाली असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांशी बोला: न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळणारं औषध सुरू करायचं का, हे त्यांना ठरवावं लागतं. सोबत ताप, कोरडा खोकला किंवा धाप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.